बहिणीचे थेंब

त्रिशला मगदूमचे डोळे दोनदा कोरडे पडले. पहिल्यांदा ते एका कॅमेऱ्याच्या लक्षात आलं.

ती सांगली–रत्नागिरी मार्गावर विजेची बस चालवायची. सपाट रस्त्यावर या गाड्या बऱ्याचशा आपल्या आपण चालत. आंबा घाट लागला की मात्र स्टिअरिंग माणसाच्या हाती यायचं. चालक जागा आहे की नाही हे पाहायला स्टिअरिंगमागे एक छोटा कॅमेरा बसवलेला असे. पापण्या फार वेळा मिटू लागल्या की चालकाला झोप येतेय असं तो धरून चाले, आधी शिट्टी वाजवी आणि मग गाडी हळूहळू कडेला घेऊन थांबवी.

त्या हिवाळ्यात त्रिशलाची गाडी घाटाच्या तोंडाशी वरचेवर थांबू लागली. प्रवासी वैतागले. "मॅडम, त्या कॅमेऱ्याला डोळा मारू नका, लाजून थांबतोय तो," असं वाहक म्हणाला आणि गाडीबरोबर तीही हसली. तिला झोप येत नव्हती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं आणि पापणी मिटली की क्षणभर बरं वाटायचं. पुढे भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येईना, तेव्हा ती मिरजेला नेत्रतज्ज्ञ डॉ. नाझनीन मुजावर यांच्याकडे गेली.

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं: शोग्रेन. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी स्वतःच्याच अश्रुग्रंथींना आणि लाळग्रंथींना परकं समजतात आणि त्यांच्यावर तुटून पडतात. ग्रंथी हळूहळू निकामी होतात. मग त्यांनी विचारलं, वायपर कोरड्या काचेवर फिरवत राहिलं तर काय होतं?

"काचेवर चरे पडतात," त्रिशला म्हणाली.

"तुमच्या बुबुळांवर तेच चाललंय."

ती तेव्हा चौतिशीत होती. लग्न झालेलं नव्हतं. स्थळं यायची, पण मुलगी बस चालवते म्हटल्यावर चहा पिऊन परत जायची. आधी तिला त्याचं वाईट वाटे. पुढे वाटेनासं झालं, कारण घाटातलं शेवटचं वळण उतरून खाली साखरप्याची झाडी दिसली की जे वाटायचं ते तिला दुसरीकडे कुठे मिळालं नव्हतं. चालकाचा बॅज गेला तर काय, हा प्रश्न ती मनात येऊ देत नसे.

नेहमीचे उपाय झाले. पाण्यासारखे थेंब, दाह कमी करणारे औषधी थेंब, रात्री लावायचं मलम. औषधी थेंब घातले की डोळे आधी चरचरत आणि मग तासभर बरे राहत. बुबुळावर बारीक जखमा होतच राहिल्या. तिला स्टिअरिंगवरून काढून डेपोत बसवण्यात आलं. त्याच वर्षी एका नव्या औषधाला मान्यता मिळाली.

या औषधाची कल्पना एका जुन्या कोड्यातून निघाली होती. पोटातलं बाळ आईच्या शरीराला निम्मं परकं असतं, कारण त्याचा अर्धा वारसा बापाकडचा. तरीही एरवी परक्या पेशीला क्षणभर थारा न देणारं आईचं शरीर त्याला नऊ महिने सांभाळून घेतं. त्या काळात आईच्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी इतर पेशींना शांत ठेवण्याचं काम शिकतात. त्या पेशी आकारानं त्यांच्या शंभराव्या हिश्श्याएवढे कण रक्तात सोडत राहतात. प्रत्येक कण म्हणजे एक बंद पाकीट, आणि आत हल्ला थांबवण्याचा रासायनिक निरोप. संशोधकांनी ही पाकिटं रक्तातून वेगळी काढली आणि थेंबांवाटे रुग्णांच्या डोळ्यांत सोडली. ती अश्रुग्रंथीपर्यंत पोचली आणि तिथला हल्ला थांबला.

अडचणी दोन होत्या. पाकिटावर ती सोडणाऱ्या पेशीची ओळखखूण असते. रुग्णाच्या खुणेशी ती जुळली नाही, तर निरोप वाचला जाण्याआधीच पाकीट नष्ट होतं. ही खूण पूर्ण जुळण्याची शक्यता सख्ख्या भावंडांत चारांत एक, आणि बाहेरच्या माणसांत जवळजवळ नाहीच. दुसरी अडचण अशी की या पेशी प्रयोगशाळेत वाढवायला घेतल्या की शिकलेलं विसरत. त्यामुळे रुग्णाला सख्खी बहीण हवी, तिची खूण जुळायला हवी आणि ती गरोदर हवी. औषधाला लांबलचक शास्त्रीय नाव होतं. लोक त्याला 'बहिणीचे थेंब' म्हणू लागले.

चंदना, त्रिशलाची धाकटी बहीण, तेव्हा चौथ्या महिन्यात होती.

*

चंदना जयसिंगपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा नवरा अभिनंदन अकिवाटे सूतगिरणीत पर्यवेक्षक होता. खूण जुळल्याचं कळलं तेव्हा तिनं फोनवर पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "बघ अक्का, लहानपणी तुझ्या बाहुलीचा पाय मी मोडला होता ना, तो हिशेब फिटला."

चौथ्या ते आठव्या महिन्यापर्यंत ठरावीक दिवशी तिचं थोडं रक्त घेतलं गेलं. कण वेगळे करून रक्ताचा बाकीचा भाग तिला परत दिला जाई. थेंब बारीक कुप्यांमध्ये गोठवून त्रिशलाकडे येत. दर महिन्याला चंदना स्वतः मोजमाप करायची. त्यासाठी टिपकागदाची एक चिंचोळी पट्टी असते. ती खालच्या पापणीत अडकवायची, पाच मिनिटं डोळे मिटायचे आणि ओल कितव्या मिलिमीटरपर्यंत उतरली ते पाहायचं. सांगितलेल्या गोष्टीवर चंदनाचा विश्वास बसत नसे, मोजलेल्यावर बसे. तिनं पट्ट्यांचा एक अख्खा डबाच मागवून घेतला होता.

पट्टी आधी दोनच्या पुढे जात नव्हती. ती पाचवर गेली, मग नऊवर. एका दुपारी पट्टी काढल्यावरही त्रिशलाच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं आणि दोघी बहिणी मोजायचं विसरल्या. तोंडाचा कोरडेपणा तसाच राहिला, कारण थेंब फक्त डोळ्यापुरते होते. पण कॅमेरा तिला पुन्हा जागी धरू लागला आणि ती घाटात परत गेली.

आठव्या महिन्यात चंदनाचा रक्तदाब एकाएकी चढला. झटके आले. बाळ ऑपरेशन करून काढावं लागलं, आणि नंतरचे काही दिवस ती स्वतःच्या श्वासावर नव्हती. रक्त देण्याचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं. तिच्या प्रकृतीतच तो दोष होता. मुलगा चांगला झाला. त्याचं नाव आर्जव ठेवलं. मात्र प्रसूतितज्ज्ञांनी चंदनाला आणि अभिनंदनला समोर बसवून बजावलं, की दुसऱ्या वेळी हे याहून लवकर आणि याहून वाईट होऊ शकतं. एकावर थांबा.

कुप्या अडीच वर्षं पुरल्या. तेवढ्या काळात ग्रंथी सावरतील आणि मग थेंब लागणार नाहीत अशी आशा होती. तसं झालं नाही. शेवटची कुपी संपल्यावर सहा महिन्यांत पट्टी पुन्हा दोनवर आली आणि या वेळी उजव्या बुबुळावर जखमेचा पांढरा डाग राहिला. गाडी पुन्हा घाटाच्या तोंडाशी थांबू लागली. त्रिशलाला सांगली स्थानकाच्या चौकशी खिडकीत बसवण्यात आलं. असंच चालू राहिलं तर दोनतीन वर्षांत वाचण्यापुरतीही नजर राहणार नाही, असं डॉ. मुजावर म्हणाल्या. हे सगळं त्रिशलानं घरी सांगितलं. नंतर तिला वाटलं, ते सांगायला नको होतं.

*

लहान मूल तीन वर्षांचं झालं की शेजारीपाजारी विचारायला लागतात, दुसरा चान्स कधी? चंदनालाही विचारत. अभिनंदनच्या घरी हा प्रश्न कुणी काढला नाही. त्रिशलानं तर कधीच नाही. बहिणींवर गरोदर राहण्याचा दबाव येणार हे सरकारनंही ओळखलं होतं. 'बहिणीच्या थेंबां'साठी रक्त देणाऱ्या बाईला एका समितीपुढे एकटीनं बसावं लागे. तिथे तिला विचारलं जाई, हे गर्भारपण तुमच्या इच्छेचं आहे का? कुणी बोललं का, मागितलं का, सुचवलं का?

इंदुमती, दोघींची आई, आर्जव झाल्यापासून चंदनाकडेच राहत होती. थोरलीचे डोळे पुन्हा कोरडे पडल्याचं कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेली आणि तिनं नियम घेतला: थोरलीच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत मीठ सोडलं. कुणाला ती काही बोलली नाही. जेवताना वाटी बाजूला सारली, तेव्हा कळलं.

त्रिशला मुद्दाम रजा टाकून जयसिंगपूरला आली. सत्तरीच्या बाईनं मीठ सोडणं बरं नाही, असं तिनं परोपरीनं सांगितलं. इंदुमती तांदूळ निवडत होती.

"तुझ्यासाठी घेतलाय. तुला विचारून नाही घेतला," ती म्हणाली. "तू तुझं बघ."

"आई, पाणी येणार कसं ते तुला माहीत आहे का?"

"मला काय माहीत असतंय? येईल कसंही."

तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. मुलगी आजारी पडली की तिची आई असंच करायची, आजीही. त्यात कुणावर काही लादलं जातं, हे तिला सुचलंही नसतं. पण स्वयंपाक चंदना करायची. आमटीला उकळी आली की मीठ घालण्याआधी आईची वाटी वेगळी काढायची, भाजीचंही तसंच. दिवसातून दोन वेळा तिचा हात मिठाच्या बरणीपाशी थांबायचा. समितीच्या प्रश्नांमध्ये या वाटीला जागा नव्हती.

*

चार महिन्यांनी अभिनंदन सांगली स्थानकावर आला. चौकशीच्या रांगेत तो शहाण्यासारखा सहा माणसांच्या मागे उभा राहिला. त्याचा नंबर आल्यावर त्रिशलानं सवयीनं विचारलं, कुठं जायचंय? काचेपलीकडचं जवळचं माणूसही तिला आता आवाजावरूनच ओळखावं लागे.

"मी अभिनंदन, अक्का."

जेवणाच्या सुट्टीत दोघं स्थानकामागच्या उपाहारगृहात बसले. चंदना दुसऱ्यांदा गरोदर होती. सात आठवडे झाले होते. घरात सांगण्याआधीच ती थेंबांसाठी नोंदणी करून आली होती. समितीनं तिला एकटीला बसवून सगळं विचारलं, आणि कुणी एक शब्द बोललेलं नाही असं तिनं सांगितलं.

"खोटं कुठं बोलली?" अभिनंदन म्हणाला. "खरंच कुणी बोललेलं नाही."

प्रसूतितज्ज्ञ चिडल्या होत्या. अजून वेळ आहे, गर्भ काढून टाका, पुढच्या आठवड्यातला सोमवार ठरवते, असं त्यांनी सांगितलं होतं. चंदना ऐकत नव्हती. अक्काचे डोळे जातील, एवढंच म्हणत होती. आपल्या घरात मुंगीलाही जपून पाय टाकतात आणि मी हे मागायला आलोय, असं अभिनंदन दोनदा म्हणाला. पण आर्जवच्या वेळी नळ्यांमध्ये पडलेली चंदना त्यानं पाहिली होती.

त्रिशलानं लगेच फोन काढला. मी तिला नको म्हणून सांगते, म्हणाली.

"नको म्हणून भागणार नाही. मग तुम्ही तिच्यासाठी सोसताय असं होईल आणि ती जास्तच हट्टाला पेटेल." त्यानं चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. "तुमचे डोळे बरे झालेत, असं तिला दिसायला पाहिजे अक्का."

"आणि माझं काय?"

त्यानं कप खाली ठेवला आणि चहाचे पैसे काढले. त्रिशलानं पुन्हा विचारलं नाही. तिची सुट्टी संपली होती.

*

तिनं जे केलं ते व्यवस्थित केलं. डॉ. मुजावर यांच्याकडून तिनं पापण्यांच्या कोपऱ्यातल्या निचऱ्याच्या छिद्रांना सिलिकॉनची बारीक बुचं बसवून घेतली. हा जुनाच, साधा उपाय होता; डोळ्यात घातलेलं पाणी वाहून न जाता साठून राहतं. कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही. बंगळूरला कुठेशी रक्ताशिवाय कृत्रिम कण बनवायचे प्रयत्न चालू असल्याची बातमी तिनं वाचली होती. ते कण अजून उंदरांपलीकडे गेले नव्हते.

शनिवारी संध्याकाळी ती जयसिंगपूरला पोचली. दारातून थेट मोरीत जाऊन तिनं हातपाय धुतले आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांत साधे घट्ट थेंब भरपूर सोडले. बाहेर आली तेव्हा डोळे चकाकत होते. तिनं सांगितलं, बंगळूरचं नवीन औषध आलंय, कुणाच्या रक्तावाचून बनतं, चाचणी चालू आहे आणि त्यात माझं नाव लागलंय. महिना झाला. कागदावर सही घेतलीय म्हणून बोलता येत नव्हतं. पुन्हा गाडीवर घेतलंय.

इंदुमतीनं तिची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला. चंदना उठली. आत जाऊन पट्ट्यांचा डबा घेऊन आली.

"बस."

त्रिशला खुर्चीत बसली. पट्टी पापणीत अडकली तेव्हा डागाजवळ सुई टोचल्यासारखं झालं. चेहरा तिनं हलू दिला नाही. पाच मिनिटं चंदना घड्याळाकडे बघत उभी राहिली. आर्जवनं मावशी झोपली का असं विचारलं, आणि अभिनंदननं त्याला बाहेर नेलं.

चंदनानं पट्टी उजेडात धरली. "बारा," ती म्हणाली. मग दुसऱ्या डोळ्याची पाहिली. "अकरा."

"मास्तरीणबाई, पास का?"

"पास." चंदना हसली नाही. तिनं दोन्ही पट्ट्या पुन्हा एकदा पाहिल्या आणि तिथंच पाटावर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुमती बस्तीत जाऊन नियम सोडवून आली. चंदनानं आमटीत मीठ घातलं आणि सगळ्यांना एकाच भांड्यातून वाढलं. इंदुमतीनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, खारट झालंय. मग पुन्हा वाढून घेतलं. त्रिशला प्रत्येक घासामागे पाणी पीत होती. तोंडाचं अजून तसंच आहे होय, असं आईनं विचारलं आणि ती हो म्हणाली. त्या घरात त्या दिवशी तिनं सांगितलेली तेवढीच गोष्ट खरी होती.

जेवणानंतर चंदनानं तिला कपडे वाळत घालायला गच्चीवर नेलं. ऊन होतं, वारा होता. दोन्ही त्रिशलाच्या डोळ्यांना सोसत नसत, आणि मोरीत घातलेले थेंब आता डोळ्यांत सुकत आले होते.

"तुला यांनी सांगितलंच असेल," चंदना म्हणाली. त्रिशलानं बादलीतला टॉवेल पिळला. "उद्या दवाखान्यात जायचं ठरलं होतं. मी जाणार नाही."

"वेडी आहेस का तू? मी बरी आहे म्हणून सांगतेय ना. आता कशाला?"

"म्हणूनच." चंदनानं आर्जवची चड्डी झटकून तारेवर टाकली. "इतके दिवस ते औषध होतं अक्का. रोज सकाळी उठून मी हिशेब करायची, चौथा महिना कधी लागतोय, किती कुप्या होतील. मला माझीच लाज वाटायची. काल पट्टीवर बारा बघितलं, आणि पहिल्यांदा वाटलं की हे मूल आहे. नुसतं मूल. मला ते हवंय."

त्रिशलानं डॉक्टरांचं सगळं तिला पुन्हा ऐकवलं. झटके, नळ्या, आर्जवला आई लागते. चंदनाला ते पाठ होतं. पहिल्यापासून रक्तदाबासाठी गोळी सुरू केलीय, दर आठवड्याला दाखवणार आहे, आणि त्यांनी शक्यता सांगितलीय, खात्री नाही, असं ती म्हणाली. एरवी तिला मोजलेलं सगळं पटायचं. हे आकडे तिला नको होते.

खरं सांगावं का, असं त्रिशलाच्या ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तरी चंदना दवाखान्यात गेली नसती. पोटातलं मूल तेवढं पुन्हा औषध झालं असतं. तिनं चिमटा उचलून चड्डीला लावला आणि ऊन लागतंय म्हणून खाली आली. जिन्यात अभिनंदन उभा होता. त्यानं वरचं सगळं ऐकलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याचा चेहरा तिला दिसला नाही, पण तो बाजूला झाला नाही एवढं कळलं.

*

चौथा महिना लागला तेव्हा थेंबांसाठी रक्त घेणाऱ्या केंद्रातून चंदनाला फोन आला. नोंदणी अजून तशीच होती. रक्त द्यायचं आहे का? चंदनानं त्रिशलाला फोन केला.

त्रिशला घरी होती. दोन्ही डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडली होती. खिडकीवर बसून ती आता गाड्यांच्या वेळा पाठ सांगायची. फलक वाचता येत नव्हता.

"तुझं ते बंगळूरचं औषध नीट चालू आहे ना?" चंदनानं विचारलं. "नाहीतर देते की. तसंही माझं रक्त काय लोणचं घालायचंय?"

मागायला एक शब्द पुरला असता. पण केंद्राचे नियम त्रिशलाला ठाऊक होते. रक्तदाबाचा त्रास असलेल्या बाईचं रक्त एरवी घेत नसत. दुसरा इलाजच उरलेला नाही, असं रुग्णाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं तरच अपवाद करत, आणि तो अहवाल रक्त देणारीला वाचायला देऊन मग सही घेत. चंदनाच्या पायांना या वेळी आतापासूनच सूज होती. अहवाल वाचल्यावर ती काय करील याबद्दल त्रिशलाला शंका नव्हती. पाय सुजलेले असोत नाहीतर काही असो, तिनं हात पुढे केला असता.

"नको," ती म्हणाली. "ठेवून काय करायचंय?"

"नक्की?"

"नक्की. गाडीची वेळ झाली माझी. ठेवते."

तिनं फडकं पुन्हा भिजवून आणलं. डोळ्यांवर दाबून धरलं. त्या दिवशी तिच्या मनात बहिणीबद्दल जे आलं ते ती पुढे कधी कुणाला बोलली नाही. तिला गच्चीवरचा तो शब्द आठवत होता, हवंय. आपल्याला काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं. आणि विचारू नये अशी व्यवस्था आपणच केली होती.

डोहाळजेवणाला ती गेली. मोरीत हातपाय धुऊन बाहेर आली, ओटी भरली, फोटोत हसली.

*

एकोणतिसाव्या आठवड्यात अभिनंदनचा फोन आला. त्रिशला मिरजेच्या दवाखान्यात पोचली तोवर ऑपरेशन झालं होतं. चंदना शुद्धीवर होती, पण रक्तदाब अजून उतरत नव्हता. पुढचे दोनतीन दिवस काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी झाली होती. तळहातांच्या ओंजळीत मावेल एवढी. ती वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होती.

बाहेरच्या बाकावर इंदुमती हात जोडून, डोळे मिटून बसली होती. ओठ हलत होते. त्रिशला तिच्याजवळ बसली आणि तिनं ते जोडलेले हात धरले.

"आई, काही सोडू नकोस."

"अगं, पोरगी..."

"काही सोडू नकोस. नीट जेव. एवढं माझ्यासाठी कर."

इंदुमतीनं तिच्याकडे पाहिलं. तिला काही समजलं की नाही कोण जाणे. पण हात तिनं सोडवून घेतले नाहीत.

संध्याकाळी चंदनाजवळ एकेकाला आत सोडलं. तिला पलंगावरून मान उचलायचीही परवानगी नव्हती. आवाज खोलातून आल्यासारखा येत होता. बाळाला तिनं पाहिलेलं नव्हतं. फोटो दाखवतो म्हटलं तर ती नको म्हणाली होती. पडद्यावर नळ्याच जास्त दिसतात.

"हे नीट सांगत नाहीत गं. छान आहे, छान आहे, एवढंच म्हणतात," ती म्हणाली. "तू जा. तू बघून ये आणि मला सांग. कुणासारखी आहे, कशी आहे, सगळं सांग."

त्रिशला वर गेली. अभिनंदन तिच्यामागोमाग आला. काचेच्या भिंतीपलीकडे पेट्यांची रांग होती. तिला उजेडाचे चौकोन दिसत होते आणि एका चौकोनात काहीतरी गुलाबीसर. तिनं कपाळ काचेला टेकवलं. पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. गुलाबी तेवढंच राहिलं.

अभिनंदन शेजारी येऊन उभा राहिला. पाच महिन्यांत तो तिच्याशी एकट्यानं बोललेला नव्हता. आता तो हळू आवाजात, समोर बघत, बोलू लागला.

"केस आहेत. खूप. काळे, कपाळावर आलेत. कान चपटे, डोक्याला चिकटलेले. रंग अजून लाल आहे. डावा हात टोपीपाशी आहे आणि मूठ घट्ट मिटलीय. अंगठा आत." तो थांबला. "भुवया तुमच्या आईंसारख्या. मधे जुळल्यासारख्या. हनुवटी कुणाची ते मला कळत नाही."

"खळी आहे?"

"आहे. बारीक."

"मग आमच्या बाबांची," त्रिशला म्हणाली. "आणखी?"

"श्वास घेतेय. पोट खालीवर होतंय. भरभर. आता पाय झाडला."

"कुठला?"

"उजवा."

तिनं सगळं मनात एकामागून एक लावून घेतलं, गाड्यांच्या वेळा लावायची तसं. मग जिना उतरताना कठड्याला हात लावून ती खाली आली, चंदनाच्या पलंगाशी गेली आणि खुर्ची जवळ ओढून बसली.

"बघितलीस?" चंदनानं विचारलं.

"बघितली."

"नीट?"

"अगदी नीट," त्रिशला म्हणाली. "खळी बाबांची घेतलीय बघ." आणि ती केसांपासून सांगू लागली.